शेपटीवर बसलेलं विमान

चिखलीचं घर विकायला काढलं तेव्हा
लुर्दीनने कपाटातून हा खोका आणून दिला.
वाळवीला प्लास्टिक चालत नाही म्हणून उरला, म्हणाली.
"हें तूं व्हर. पुराय कर."
झाकणावर निळा समुद्र आणि त्याच्यावर तिरकं सी हॉक,
एकास बहात्तर,
कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेली किंमत, रुपयांत.

अर्धं जोडून ठेवलं होतं कायतानने.
एक्क्याऐंशीत तो बाहरीनला गेला, तिथून कुठेकुठे,
आता स्विंडनला लेकीकडे असतो, पोर्तुगीज पासपोर्टावर.
आमचं शेवटचं भांडण याच विमानावरून:
तो म्हणायचा ब्रश, मी म्हणायचो स्प्रे.
दाबोळीच्या हँगरमध्ये मी खरी विमानं रंगवायचो,
तो त्यांची इंजिनं उघडायचा.
ब्रशमधलं त्याला काय कळणार.

फटींत लांबी भरली, वाळू दिली, घासायला बसलो,
चारशेचा वॉटर पेपर, मग आठशेचा.
डाव्या पंखाखाली काही पांढऱ्या रेघा जाईनात.
चष्मा बदलला. दिव्याखाली धरलं.

अंगठा होता.

गोंदाने मऊ पडलेल्या प्लास्टिकमध्ये रुतलेला,
भोवऱ्यासकट,
आणि मीच लांबी भरून
तो वाचता येईलसा केला होता.

असा पंख हँगरमध्ये कुणी पास केला नसता.
मीही नसता केला.
आठशेचा कागद पाण्यात परत बुडवला
आणि उजवा पंख घासायला घेतला.

पोटाकडच्या रंगाचं नाव स्काय.
पण डबीतलं आकाश हिरवट, बदकाच्या अंड्याचं.
गच्चीवर जाऊन ताडून पाहिलं,
वास्कोवर असलं आकाश नव्हतं.
स्विंडनला असेल.

शेवटी ब्रशनेच रंगवलं. कंप्रेसर जळलाय
आणि सुलक्षाला थिनरचा वास सोसत नाही.
हवेत इतका दमटपणा की तीन दिवस रंग
बोटाला चिकटत राहिला,
चौथ्या दिवशी तिने खिडकी उघडली
आणि बंदरावरचा कोळसा आत आला,
नेहमीसारखा, न विचारता, पंखांवर बसला.
मी शिव्या दिल्या. मग भिंग लावून बघितलं तर
समुद्रावर महिनाभर राहिलेल्या विमानाची मळकट छटा
जी आणायला लोक खडू किसतात,
ती फुकटात आली होती.

डिकल पिवळे पडलेले. खिडकीच्या काचेला लावून
आठवडाभर ऊन खाऊ घातलं.
पाण्यात सोडले आणि पापडासारखे तुटले.
तसेही ते इंग्रजांचेच होते.
मग कंपास घेतला: केशरी, पांढरा, हिरवा.
एके काळी ही वर्तुळं काढताना
शिडीवर उभा राहून हात पूर्ण लांब करावा लागे;
आता मसुरीच्या डाळीएवढी,
आणि श्वास रोखला तरी हात हलतो.
सहापैकी चार बरी जमली.
वाईट दोन पोटाखाली ढकलली.

चाकं लावून टेबलावर ठेवलं.
हळूच मागे कललं, शेपटीवर बसलं, नाक वर.
पुढे ढकललं. पुन्हा बसलं.
सुलक्षा म्हणाली, जेवून सुस्तावलंय.

नाकात शिसं घालायचं असतं, सांधायच्या आधी.
खारीवाड्यात जाळ्याला लावायची शिशाची गुंडी मागितली असती
तर कुणीही मूठभर दिली असती.
पण मी नाक कधीच बंद केलं होतं,
वर तीन हात रंग.

कौलाचा तुकडा घेतला,
पुढचं चाक त्याला चिकटवून टाकलं.

रात्री कायतानला फोटो पाठवला,
डावा पंख जरा वर दिसेल असा.
अंगठ्याबद्दल काही लिहिलं नाही.
बराच वेळ दोन निळ्या खुणा नुसत्याच.
मग आलं: ब्रश मारलायस ना? दिसतं.
आणि लगेच दुसरं:
नाकात शिसें घाललें मू रे?

मी फोटो पुन्हा काढला,
कौल कडेबाहेर जाईल एवढा जवळून,
आणि लिहिलं, घाललां.