भोंग्याखालचा बाक

लोफोटेनच्या बेटांवर, दर मंगळवारी, नऊच्या फेरीला
बोर्गहिल्ड आजी भोंग्याखालच्या बाकावर येऊन बसते.
पलीकडच्या किनाऱ्यावर तिचं कोणी नाही,
काम तर नाहीच.
उतरत नाही. याच बोटीनं परत.

मी कॉफी देतो. ती आधी शेजारच्याला गाठते :
पणतू सात वर्षांचा, धक्क्यावर कॉड माशांच्या जिभा कापतो,
सुरी तिच्या नवऱ्याची.
शेजारचा जर्मन पाहुणा. त्याला ओ का ठो कळत नाही,
म्हणून ती तेच जरा मोठ्यानं सांगते.

मग भोंगा खरखरतो.
"मी कप्तान सिग्ने. वारा वायव्येचा आहे,
मुलांचे हात धरून ठेवा."
आजीचा कप हवेतच थांबतो.
बोलणाऱ्यांवर ती डोळे वटारते,
माझ्या चमच्यावरसुद्धा.

"नातीचा घसा बसलाय," मला म्हणते,
"उघड्या डोक्यानं उभी राहत असणार."
एवढी मोठी बोट, दोनशे माणसं, खालचा काळा समुद्र,
त्याबद्दल अक्षर नाही.

पिशवीतून लोकरीची टोपी काढते, या हिवाळ्यातली चौथी.
"वर दे. कुणी दिली ते सांगू नकोस."
बरं, म्हणतो मी.
टोपीच्या कडेला लाल लोकरीत विणलंय :
कप्तान.