सदुसष्टचा रंग

नदीकाठच्या क्लबात दर गुरुवारी
एकच सामना खेळला जातो.
टेबलावर, बाटल्यांची बुचं मांडून.
एल्बिओ मांडतो, मिल्टन सरकवतो,
आणि ओलेगारियो, ज्याचा एक डोळा मोतीबिंदूनं गेलाय,
ओरडतो : ऑफसाइड!
इतकी वर्षं झाली, अजून ऑफसाइडच.

हरलो होतो आपण. तीन-एक.
ते कुणी काढत नाही.
काढतात तो एक :
दार्दो एचेनिकेचा, कपाळाच्या डाव्या कोपऱ्यानं,
नेमका मांसाच्या कारखान्याचा भोंगा सुटला तेव्हा.
पंचाची शिट्टी कुणालाच ऐकू आली नाही,
आणि नदीपलीकडचा गोलकीपर
अजून हात वर करून उभा आहे म्हणे.

मग निघतो शर्ट.
त्या एका दिवसाचा शर्ट.
एल्बिओ म्हणतो, बीट.
कुणी म्हणतं वांगं, पण कोवळं.
पेल्याच्या तळाशी वाळलेली वाइन, असंही एकजण म्हणतो.
"काळीज," मिल्टन म्हणतो, "बैलाचं, गरम असतानाचं.
तीस वर्षं कापलीत मी. तुम्ही काय सांगता."
नव्या कमिटीनं तसा शर्ट पुन्हा काढलाय,
छातीवर मोबाइल कंपनी, आत खाजणारं पॉलिएस्टर.
पोरं घालून हिंडतात.
म्हातारे बघतात, आणि न बघितल्यासारखं करतात.

मी गप्प असतो.
नऊ वर्षांचा होतो मी,
तो रंग होताना पाहिलाय.

क्लबाचे कपडे आई धुवायची. निबिया धोबीण.
शर्टामागे दोन नाणी.
अकरा लाल शर्ट, तिरका पांढरा पट्टा,
परसात पत्र्याच्या पिंपात उकळायला घातलेले.
बाबांना त्याच आठवड्यात फोरमनचा डगला मिळाला होता,
गडद निळा, कोरा करकरीत.
सोमवारी त्यांनी तो स्वच्छ घालावा एवढंच तिच्या मनात.
रात्र होती. सरपण थोडं होतं. पिंप एकच.

सकाळी तिनं काठीनं पहिला शर्ट उचलला
आणि एक शब्द उच्चारला
जो मला तोवर फक्त खाटीकखान्यातून ऐकू यायचा.
मीठ झालं. व्हिनेगर झालं. लिंबं संपली.
सामना तीनला.
डॉन हेबेर्त शर्ट न्यायला आला तेव्हा
ती सरळ त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली,
"मोंतेविदेओत सध्या असेच घालतात."
त्यानं टोपी मागे सरकवली.
"असं होय," म्हणाला.

पूर्ण सामनाभर तिनं चेंडू पाहिला नाही.
माना पाहत होती.
दुसऱ्या हाफात एचेनिकेच्या मानेवरून निळं उतरलं,
पाठीमागचे म्हणाले,
बघा, रक्त आटवून खेळतोय पठ्ठ्या.
आईनं माझा हात इतका दाबला
की भोंगा, गोल, सगळं मला बोटांतच आठवतं.

कारखाना बंद पडला. बाबा गेले. मग तीही, सावकाश.
इस्पितळात शेवटी शेवटी एकदाच विचारलं तिनं,
"कळलं का रे कुणाला?"

गेल्या गुरुवारी मी तो घेऊन गेलो.
नंबर चार, काखेत उसवलेला,
तिनं ठेवून घेतलेला एकुलता एक.
बुचं बाजूला सारून टेबलावर पसरला.

एल्बिओनं दिव्याखाली धरला.
मिल्टननं अंगठ्यानं घासून पाहिला.
ओलेगारियोनं चांगल्या डोळ्याजवळ नेला,
मग खराब डोळ्याजवळही.
"नाही," तो म्हणाला, "हा नव्हे.
हा साधा लाल. विटलेला.
आपला कसा होता..."
आणि तिघंही छताकडे बघायला लागले.

मी घडी घातली. बाह्या आत, कॉलर वर,
ती घालायची तशी.
"दुसराच कुठला तरी असेल," म्हणालो.

मिल्टननं बुचं पुन्हा मांडली.
एचेनिके डाव्या बाजूनं निघाला,
आणि ओलेगारियोनं, दर गुरुवारसारखाच,
गाल फुगवून
तोंडानं भोंगा वाजवला.