हात राखून

"कारखाना नेहमी हात राखूनच विकतो," इल्पो म्हणाला,
आणि चिपच्या पाठीवर वाटाण्याएवढी पेस्ट ठेवली.
वाटाणा माझा. तो नुसतं "एवढी" म्हणाला होता.
पण गुरुवार होता, शेगडीवर वाटाण्याचं सूप होतं,
दुसरं काय सुचणार.

माझ्याकडे स्टॉपवॉच आणि वही.
वहीवर कागद-गिरणीचा शिक्का.
गिरणी बंद पडली त्याला हा तिसरा हिवाळा,
वह्या अजून सात उरल्यात.

पहिली ओळ: मुळातला वेग. तीन पॉइंट आठ.
पडद्यावर एक खोटं स्वयंपाकघर रंगत गेलं
चौकोनामागून चौकोन,
काचेचे पेले, पेल्यांत कुठल्याशा खिडकीचा उजेड.
अकरा मिनिटं बेचाळीस सेकंद. एकसष्ट अंश.
पंखा इतका हळू की फ्रिजची कुरकुर ऐकू येत होती.

दुसरी ओळ: चार पॉइंट सहा.
व्होल्टेज त्यानं मिठासारखं वाढवलं, चिमटीनं.
नऊ एकेचाळीस.
इल्पोच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या,
लहानपणी मासा गळाला लागला की व्हायच्या तशा.

तिसरी: चार पॉइंट आठ.
पंखा असा घोंगावला
की खालच्या मजल्यावरून रौहानं काठीनं पाइप ठोकला.
नऊ एकावन्न.
"चुकलीस सिर्का. पुन्हा मोज."
पुन्हा मोजलं. नऊ बावन्न.

वेग वाढवला तर वेळ वाढली.
सत्त्याण्णव अंशांना चिपनं गुपचूप पाय मागे घेतला होता.
पाटीवर चार पॉइंट आठ,
आत मात्र जिवापुरतंच पळणं.
गिरणीत शेवटच्या वर्षी, नवा मॅनेजर आल्यावर,
आम्ही सगळे हेच करत होतो.
मी बोलले नाही. टोक मोडेपर्यंत पेन्सिल दाबली.

मग तो उठला, टोपी घातली,
आणि अख्खं यंत्र उचलून गॅलरीत नेलं.
औलूची फेब्रुवारी, उणे सत्तावीस.
वायरी दाराच्या फटीतून, फटीला आईचं जुनं गोधडं,
पडदा आत, मी आत, तो बाहेर,
यंत्राशेजारी उकिडवा, कुणाच्या उशाशी बसावं तसा.
चार पॉइंट नऊ.
मी काचेवर बोटांनी अंश दाखवत होते:
पाच दहा, एक. पाच दहा, चार.
नऊ मिनिटं पाच सेकंद!
तो ओरडला असावा. तोंडातून वाफ निघालेली दिसली.

दोन मिनिटं सदतीस सेकंद वाचले.

आता यंत्र आत आणायचं, पण लगेच उघडायचं नाही.
उबेत आलं की दव धरतं, दवानं सगळं जळतं.
म्हणून काळ्या पिशवीत बांधून दाराशी ठेवलं
आणि तीन तास थांबलो.

तीन तासांत दोघं किती सूप पिणार.
रौहाला एक वाटी देऊन आले, काठीबद्दल ती काही बोलली नाही.
मग इल्पो आपणहून बोलायला लागला, चार नंबरच्या मशीनबद्दल.
मिनिटाला चौदाशे मीटर कागद, आरामात.
सोळाशेला नेली की तुटायचा.
तुटला की आवाज नाही व्हायचा, म्हणाला,
नुसतं पांढरं पांढरं, छतापर्यंत,
आणि आपण त्यात उभे.
त्या रात्री सोळाशे त्यानंच केले होते.
कुणी सांगितलं नव्हतं.
बघायचं होतं, म्हणाला.

मी सूप ढवळत राहिले. ते केव्हाच थंड झालं होतं.

साडेअकराला पिशवी सोडली, हात लावून पाहिलं. कोरडी.
त्यानं सगळे आकडे मुळातल्या जागी नेले
आणि म्हणाला, एकदा परत मोज.
स्वयंपाकघर पुन्हा उमटायला लागलं,
पेले, उजेड, कुठल्याशा खिडकीचा.
फ्रिज ऐकू आला.
अकरा मिनिटं त्रेचाळीस.

"एक सेकंद जास्त," मी म्हणाले.
"राहू दे," तो म्हणाला. "लिही."