इथे सगळे हसले

डुलूथमध्ये नोव्हेंबरातच सरोवर कुरकुरायला लागतं.
चौदा नंबरच्या खोलीतली लोर्ना
तासाला अकरा डॉलर देते.
भूगर्भशास्त्राच्या वर्गात कुणीतरी आहे,
ज्याला ऐकू येत नाही, किंवा हात चालत नाही;
कोण, ते विचारायचं नाही.
त्याच्यासाठी मी टिपणं काढते.

प्राध्यापक लेह्तो बेसाल्टवर विनोद करतात.
मी कंसात लिहिते: इथे सगळे हसले.

तीन आठवडे दाढ ठणकतेय.
विद्यार्थी-विम्याची पुस्तिका, पान एकतीस:
दात शरीरात मोडत नाहीत.
डोळेही नाहीत.
गुडघा आहे, पण अपघातातला.

परवा कंसात लिहून गेले:
इथे सगळे हसले. मी नाही. दाढ.

सोमवारी लोर्नाच्या टेबलावर
लवंगेच्या तेलाची इवलीशी बाटली.
'सिग्रिड, तुझी आहे,' एवढंच म्हणाली ती,
आणि छपाईयंत्राशी भांडत राहिली.
चिठ्ठीवर नाव नाही. नुसतं,
'डावीकडची की उजवीकडची?'

वर्गात एकशे दहा डोकी.
मी मान वळवत नाही.
नव्या पानावर, वर कोपऱ्यात:
डावीकडची. खालची.
मग तारीख.
मग बेसाल्ट.