दगड वाजतायत का

पंख्याचा पट्टा आधी काढायचा, बाबा म्हणतात.
नाहीतर पंखा पाणी उडवतो,
आणि फुर्गोनमध्ये आम्हा दोघांच्या मधोमध
तिसऱ्या माणसासारखं बसलेलं इंजिन
एकदा खोकतं नि गप्प होतं.
नदीच्या ऐन मध्यात.

मी पट्टा काढते. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाला ग्रीस फासते,
रेडिएटरपुढे ताडपत्री बांधते.
बाबांच्या हातांना हे सगळं पाठ,
पण हात मांडीवर ठेवून ते बसलेत.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
उद्या दहाला दवाखान्यात नंबर आहे, नदीच्या पलीकडे,
अजून नव्वद किलोमीटर.

"चाकोऱ्या दिसतात, उरानतुया?"
दिसतात.
"पलीकडे बाहेर पडलेल्या?"
मी मोजते. अलीकडून सहा गाड्या उतरल्यात पाण्यात,
पलीकडे चार चढल्यात.
बाबा काहीच बोलत नाहीत.

काठी घेऊन मी उतरते.
दोरी कमरेला बांधू देत नाहीत ते.
हातात धर, म्हणतात, सोडता येईल अशी.
दुसरं टोक त्यांच्या मुठीत;
त्यांना जे दिसायचं ते आता त्या दोरीतून.

गुडघ्याला पाणी, तर जा.
मांडीला लागलं, तर परत विचार कर.
कमरेला आलं, तर चहा टाक.
एवढंच शिकवलं त्यांनी मला, तीस वर्षांत.

मांडीच्या वर आलंय.
"दगड वाजतायत का?"
मी काठीला कान लावते.
तळाशी कुणी कातड्याच्या पिशवीत
मेंढीच्या घोट्यांची हाडं खुळखुळवतंय,
डाव मांडायच्या आधी.
वाजतायत, मी ओरडते.
"मग नदी चालतेय. तिला चालू दे."

तेवढ्यात एन्खझोरिग आला, शहरातून,
नव्या पांढऱ्या जीपमधून, तिचं नाक छपरापर्यंत.
थांबला नाही. काच खाली करून हसला फक्त.
नाक इंजिनाला असतं, बाबा पुटपुटले,
चाकांना नाही.

आवाज त्यांनीच आधी ओळखला:
"चाकं मोकळी फिरतायत. तरंगला तो."
जीपचं ढुंगण उचललं, हळूच वळलं खालच्या अंगाला,
एखादी म्हैस डुंबायला निघावी तसं.
"दार उघड म्हणावं! पाणी आत घे म्हणावं!"
मी घसा फोडून ओरडले.
सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं त्यानं.
पण उघडलं.
नदी आत शिरली, जीप जड झाली
आणि खडीवर बसली, मालकासारखी.

तिसऱ्या फेकीत दोरी पोचली त्याच्यापर्यंत.

रात्री याकच्या गोवऱ्यांवर खारट चहा.
एन्खझोरिग बाबांच्या देलमध्ये गुंडाळलेला, दात वाजवत.
दोनदा त्यानं किल्लीला हात घातला,
दोनदा बाबांनी मनगट धरलं. सिलिंडरमध्ये पाणी आहे रे,
फिरवलीस तर मोडेल.
नंबराचं कुणी बोललं नाही.
झोपायच्या आधी मी पाण्याच्या काठाला एक दगड ठेवला,
पांढरा, हाताएवढा.

पहाटे दगडाखाली गवत कोरडं होतं.
पाणी तीन वीत मागे सरलेलं,
आणि खालून काहीच वाजत नव्हतं.

लो गिअर, दुसरा. मधे बदलायचा नाही.
गाडी जरा तिरकी, नदीच्या कलानं.
पुढे एक लाट उठते नाकासमोर,
तिला गाठायचं नाही, सोडायचंही नाही.
दारांच्या फटींतून पाणी आत येतं,
नेहमीसारखं, घोट्यापर्यंत,
बाबा बूट वर उचलतात, नेहमीसारखे.
मागच्या सीटवर एन्खझोरिग श्वास धरून.

वर चढलो. ब्रेक दाबत, सोडत, वाळवत
मैलभर गेलो असू. उन्हात डोंगर उजळलेले.
मला वाटलं, आता बाबा काहीतरी म्हणतील.

म्हणाले,
"गरम वास येतोय. पट्टा लावलास?"