एक ते पाचमध्ये सांगा

पोरगी भली होती. स्कार्फ सोडला, आधी पाणी प्याली,
मग टॅब काढला. म्हणाली, काका,
पवनचक्क्यांबद्दल तुमचं मत एक ते पाचमध्ये सांगा.
एक म्हणजे अजिबात नको, पाच म्हणजे फार आवडल्या.

मी म्हटलं, बस. मत लांब आहे.

एकतीस वर्षं मी एकलहऱ्याला वाघिणी उलथ्या केल्या.
वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा गं, जनावर नव्हे.
यंत्र तिला कवेत घ्यायचं, कुशीवर वळवायचं,
आणि साठ टन कोळसा एका दमात खाली.
त्या आवाजाची इतकी सवय
की सुट्टीच्या दिवशी घरात डोळा लागायचा नाही.
थुंकी काळी, उशीचा अभ्रा काळा,
लग्नाच्या फोटोत कानामागची रेघसुद्धा काळी.
पण पगार सात तारखेला.
त्यावर दोन बहिणी उजवल्या, ही विहीर खोदली,
जिचं पाणी तू आत्ता प्यालीस.

वारा काही कंपनीनं आणला नाही.
वारा आम्हाला चिमणीनं दाखवला.
कुरडया घालायच्या दिवशी हौसा माळावर जाऊन
धुराकडे बघून यायची.
धूर ओढा स्टेशनाकडे कलला, तर घाला खुशाल.
आपल्याकडे वळला, तर खाटा आत, कपडे आत,
आणि द्राक्षवाल्या दराड्यांच्या शिव्या बाहेर.
चिमणी थंड झाली त्या उन्हाळ्यात
ही चिकाचं पातेलं घेऊन अंगणात नुसती उभी.
वारा होता. दिसत नव्हता.

मग टेकाडावर चक्क्या आल्या. चौदा.
खंडू गोराण्याच्या बांधाच्या अलीकडे एक,
त्याला वर्षाचं भाडं, घराला गुलाबी रंग.
बांधाच्या पलीकडे त्याचा सख्खा भाऊ,
त्याला रात्रभर फक्त आवाज.
दोघांचा न्हावी एकच,
पण आता वेगवेगळ्या वारी जातात.
भिवा कोळपे म्हणतो रस्ता झाला ते झ्याक,
मेंढरं मात्र विचारतात, फाटक कशाला?
कचऱ्याची कांचन, आयटीआय झालेली,
पट्टा बांधून आतल्या शिडीनं वर चढते.
सांगते, तिथून चिमण्या विझल्या उदबत्त्यांसारख्या दिसतात.
ती पाच म्हणेल. लिही तिचे पाच.
कंत्राट अकरा महिन्यांचं आहे, तेही लिही
जागा असली तर.

आमच्या एका पाळीला सोळा माणसं लागायची.
इथे चौदा चक्क्यांना एक वॉचमन
आणि एक कुत्रं. तेही आमचंच,
तिकडे बिस्किटं मिळतात म्हणून गेलेलं.

इतक्यात हौसा चुलीपुढून बोलली. तिला कुणी विचारलं नव्हतं.
तीनच्या सुमाराला पात्यांची सावली अंगणातून जाते, बाई.
एक गेली की दुसरी, दुसरी गेली की तिसरी.
कोंबड्यांना वाटायचं, घार.
दर सावलीला पिल्लं पाटीखाली,
दाणे तसेच, अंडी बंद.
दोन महिन्यांनी शहाण्या झाल्या,
सावली अंगावरून गेली तरी मान वर करेनात.
मलाही बरं वाटलं.
परवा त्याच सावल्यांत मिसळून
खरी घार आली.

पोरीचं बोट काचेवर अडलेलं.
मावशी, पण आकडा?

आकडा? अकरा होती, हौसा म्हणाली. दहा उरली.

पोरीनं तीनवर टिचकी मारली, मी पाहिली.
काही बोललो नाही, तिलाही दिवसाला चाळीस घरं.
स्कार्फ बांधून तिनं स्कूटीला किक मारली
तेव्हा घाटात वारा कुठून लागेल ते सांगावं म्हणून
मी सवयीनं
चिमणीकडे बघितलं.