वादी

इथं कोरड्या ओढ्याला वादी म्हणतात.
हे कळायला पहिलं वर्ष गेलं.
दुसऱ्या वर्षी कळलं की तो कोरडा नसतो,
नुसता बाहेरगावी गेलेला असतो.

वादी कबीरच्या मागच्या अंगाला, डोंगर जिथं
भाजलेल्या वांग्यासारखा सुरकुततो,
तिथं गेल्या रविवारी पाटी लागली :
चौसष्ट घरं, भिंतीला भिंत, एकच फाटक,
गाड्यांना जागा अठ्ठ्याण्णव.
चित्रात झाडंही होती,
मस्कतात कुणी न पाहिलेल्या जातीची.

रात्री कुंजुमोनच्या दुकानामागे सगळे जमले.
रझिया परकार ड्यूटीवरून तशीच आली, पांढऱ्या बुटांत :
आत्ताच टँकर दिवसाआड येतो, पुढं काय?
तोरसकरांची गाडी आजही मशिदीपलीकडे झोपते.
शफीकुल न्हाव्याची तक्रार नव्हती,
चौसष्ट घरं म्हणजे दीडशे डोकी,
केस काय, वाढणारच.
पोरांना कुणी विचारलं नाही.
त्यांनी स्टंपांचे दगड कधीच पलीकडे नेले होते.

नासर बिन हमूद शेवटी बोलला,
खुर्ची दिली तरी उभ्यानंच.
पाण्याला तो 'आली' म्हणतो, सासुरवाशीण आल्यासारखं.
ती आली त्या वर्षी काकाचा पिकअप समुद्रात सापडला,
शेळ्या सापडल्याच नाहीत.
"पाणी इथवर," म्हणाला, आणि हात छातीवर ठेवला.
इथं सलामही तसाच करतात.
मग त्याच आवाजात :
"माझ्या हैथमचं नाव आठ वर्षं यादीत आहे.
लग्न ठरून तीन झाली. यातलं एक घर त्याचं."
आम्ही आपापल्या चहात पाहत राहिलो.

कुणीतरी पाटीखालच्या नकाशाचा फोटो माझ्यापुढं धरला.
तुम्ही नकाशेवाले. वाचून दाखवा.

कोपऱ्यात चौकट : मंजूर करणारा, तपासणारा,
आणि सर्वांत खाली, काढणारा.
तीन अक्षरं. माझी.

फेब्रुवारीत काढला होता. तेव्हा त्याला गाव नव्हतं,
नुसता प्लॉट नंबर.
सर्व्हेत मधोमध एक निळी तुटक रेघ होती.
साहेब म्हणाले, लेयर बंद कर, प्रिंट स्वच्छ येईल.
मी पुसली नाही. बंद केली.
हा फरक तेव्हापासून मी स्वतःला
किती वेळा समजावून सांगितलाय.

रस्ते वाचले, उंची वाचली, गटारांचा उतार वाचला.
एका जागी बोट अडलं.
"इथं काय?" रझियानं विचारलं.
"पाणी."
"दिसत नाही."
"हो. मीच बंद केलंय."

कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.
कुंजुमोननं चहाचे पैसे घेतले नाहीत, किंवा विसरला,
विचारायचं धाडस झालं नाही.

हरकतीच्या अर्जात पहिलाच रकाना : मालकी-कागदाचा क्रमांक.
आमच्याकडे रेसिडेंट कार्डं, मुदत दोन वर्षं.
सही चालणार ती एकट्या नासरची.
त्यानं पेन घेतलं, टोपण काढलं, टोपण लावलं,
म्हणाला, बुकरा. उद्या.

माझे वडील अलिबागच्या कोर्टात कारकून होते.
घरी आम्हाला जेवायला बोलवायचे तेही पुकारा केल्यासारखं :
वादी हजर? प्रतिवादी हजर?
वादी म्हणजे ज्याचं म्हणणं आहे तो.
रात्रभर तो एक शब्द
दोन भाषांत कूस बदलत राहिला.

सकाळी सातला ऑफिसात कुणी नसतं.
फाइल उघडली, लेयर चालू केला.
रेघ एकोणीस नंबरात शिरते,
तेविसाच्या स्वयंपाकघरातून जाते,
एकतिसाच्या न्हाणीतून बाहेर पडते.
हैथमचं घर कुठलं
ते सोडतीत ठरेल.

प्रिंटरला गरम व्हायला दोन मिनिटं लागतात.